वार्धक्यातील चाल आणि चित्त

बीडहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, बालाघाटाच्या डोंगरांलगत आणि बिंदुसरेच्या धरणाजवळ वसलेल्या पाली या गावात, आणि खरे पाहता मराठवाड्याच्या कोणत्याही गावात, घरातील वृद्ध माणूस विसरू लागले की कुटुंबीय जी पहिली गोष्ट करतात ती अत्यंत मायेने करतात आणि तीच अत्यंत घातुक असते: ते त्याला बसवून ठेवतात. शेळ्या दुसऱ्याच्या हवाली होतात, दुकानातून सामान आणण्याचे काम नातवाकडे जाते, शेताची वाट बंद होते, आणि ‘आबा, आता तुम्ही निवांत बसा, कुठं चुकलात-पडलात तर कुणाला सापडायचं?’ किंवा ‘माय, तू ओसरीवरून हलू नको’ असे म्हणून, ज्या माणसाने उभ्या आयुष्यात सूर्योदयापूर्वी घर सोडले, त्याला भिंतीला पाठ टेकून दिवस काढावयास लावले जाते. या बसवून ठेवण्यामागील मायेविषयी मला यत्किंचितही शंका नाही. परंतु तिच्यामुळे होणारी हानी आता इतक्या देशांतील वैद्यकांनी इतक्या प्रकारे मोजून दाखविली आहे की तिच्याविषयी मौन पाळणे हा वृद्धांवर अन्याय ठरेल. ज्याची स्मृती क्षीण होऊ लागली आहे त्याला चालते ठेवणे, आणि चालताना त्याचे चित्तही कामात गुंतविणे, हा त्याच्या शुश्रूषेचा मुख्य भाग आहे. आणि ही शुश्रूषा माणसांच्या सोबतीशिवाय घडत नसल्यामुळे तिची तजवीज सबंध गावाने केली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

चालणे हे केवळ पायांचे कर्तव्य आहे अशी आपली सार्वत्रिक समजूत असते, आणि तारुण्यात ती खरीही वाटते, कारण लहानपणी धडपडत शिकलेली ही क्रिया पुढे इतकी अंगवळणी पडते की डोक्यावर भारा, कडेवर मूल आणि तोंडी गोष्टी चालू असतानाही पाऊल आपली जागा आपणच शोधते. परंतु वय वाढते, दृष्टी मंदावते, तळपायांतील संवेदना बोथट होते, कानाच्या आतील तोल सांभाळणारे इंद्रिय शिथिल होते आणि मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्या कठीण होऊन त्याच्या निरनिराळ्या भागांना जोडणारे तंतू झिजू लागतात, तेव्हा इतकी वर्षे आपोआप घडणाऱ्या त्या क्रियेकडे मेंदूच्या अग्रभागाला पुन्हा जातीने लक्ष द्यावे लागते. आणि ज्या अवधानातून पावलाची बेगमी करावयाची, त्याच अवधानातून बोलणे, आठवणे, हिशेब करणे आणि समोरून येणारी मोटारसायकल ओळखणे ही सर्व कामेही भागवावयाची असतात. म्हणूनच विसरणाऱ्या माणसाची चाल बदलते, पाऊल आखूड पडते, दोन पावलांमधील अंतर कमीजास्त होऊ लागते, वळताना तो अडखळतो. आणि घरातील माणसे हा गुडघ्यांचा दोष समजून तेल चोळत बसतात.

स्वीडनमधील उमेओ येथील तीन संशोधकांनी 1997 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यक नियतकालिकात एक लहानसा लेख प्रसिद्ध केला, आणि तो लहान असूनही या विषयातील एक मूलभूत निरीक्षण म्हणून आजतागायत उद्धृत होतो. वृद्धांच्या निवासात राहणाऱ्या 58 व्यक्तींबरोबर चालता चालता त्यांनी सहज संभाषण सुरू केले, आणि कोण बोलण्यासाठी थांबतो व कोण चालता चालताच उत्तर देतो एवढेच टिपून ठेवले. बारा जण थांबले. आणि पुढील सहा महिन्यांत त्या बारांपैकी दहा जण पडले. कोणतेही यंत्र नाही, रक्ताची तपासणी नाही, एका पैशाचा खर्च नाही, आणि तरीही जे पाऊल बोलण्याचे ओझे सोसू शकत नाही ते पाऊल धोक्यात आहे हे त्यांनी दाखवून दिले. पालीच्या वेशीपाशी आपल्या वडिलांबरोबर चालणाऱ्या कोणाही मुलाला हीच गोष्ट उद्या सकाळी पाहता येईल.

याच दिशेने न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आइनस्टाइन वैद्यक महाविद्यालयातील डॉ. जो वर्गीस यांनी पुढे मोठे कार्य केले. ज्या वृद्धाची चाल त्याच्या वयाच्या मानाने मंद झाली आहे आणि जो स्वतःच ‘मला हल्ली आठवत नाही’ अशी तक्रार करतो, परंतु ज्याचे नित्याचे व्यवहार अद्याप सुरळीत चालू आहेत, त्याला पुढे स्मृतिभ्रंश होण्याचा संभव इतरांपेक्षा पुष्कळ अधिक असतो, असे त्यांनी 2013 साली मांडले. आणि 2014 साली 17 देशांतील 26,802 वृद्धांची माहिती एकत्र करून सुमारे दहांतील एकामध्ये ही अवस्था आढळते असे दाखविले. या देशांत हिंदुस्थानही होता, कारण वर्गीस यांच्या संशोधनाची एक शाखा केरळात कोळिकोड येथे आहे. आपल्या देशाचा आकडाही आता निश्चित स्वरूपात उपलब्ध आहे: 2023 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार साठ वर्षांवरील भारतीयांपैकी 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लक्ष माणसे, स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत, आणि त्यांचे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत, शहरांपेक्षा खेड्यांत व शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक आहे. मराठवाड्याच्या खेड्यातील निरक्षर वृद्धा या तिन्ही अर्थांनी सर्वाधिक संकटात आहे, आणि तिच्यापर्यंत पोहोचणारी व्यवस्था मात्र सर्वांत दुबळी आहे.

येथे एक आक्षेप ठरलेला येतो, आणि तो मनापासून घेतला जात असल्यामुळे त्याचे उत्तर आदराने दिले पाहिजे. ‘आम्ही जन्मभर राबलो, आम्हाला कसला व्यायाम सांगता?’ असे वृद्ध म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे वस्तुस्थितीला धरून आहे. आज जे पंच्याऐंशी वर्षांच्या पुढचे आहेत ते निजामाच्या अमलात जन्मले, 1948 सालच्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईचे दिवस त्यांनी बालपणी पाहिले. त्यांच्याहून धाकट्यांनी 1972 च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडली, तलावांच्या आणि रस्त्यांच्या मातीकामावर पाट्या वाहिल्या, आणि नंतरची कित्येक वर्षे परमुलखातल्या उसाच्या फडात काढली. त्यांच्या देहाने जेवढे चालून दाखविले आहे तेवढे सुखवस्तू शहरवासीयांच्या तीन पिढ्यांनी मिळून चालले नसेल. परंतु मेंदूच्या आणि स्नायूंच्या हिशेबात पूर्वीची जमा फार काळ शिल्लक राहत नाही. ज्या दिवशी माणूस बसतो त्या दिवसापासून मांड्यांचे स्नायू झिजू लागतात, तोल ढळू लागतो, आणि जे माणूस चाळीस वर्षे अहोरात्र राबले तेही एकदोन वर्षांच्या बैठकीनंतर उंबरठा ओलांडताना चौकट धरते. याशिवाय त्या राबण्याचे एक अंग आपण नेहमी विसरतो. शेळ्या राखणारी बाई दिवसभर केवळ चालत नव्हती. कोणाच्या बांधावरचा चारा कापलेला आहे, कोणती शेळी गाभण आहे, पाटाचे पाणी कोठे फुटले आहे, ऊन कोणत्या झाडाच्या सावलीवर आले म्हणजे घरी वळावयाचे, हे सर्व ती चालता चालता जाणत होती आणि ठरवीत होती. तिला ओसरीवर बसविले म्हणजे पायांबरोबर तो सर्व विचारही थांबतो. बसवून ठेवण्याने दुहेरी नुकसान होते ते असे.

व्यायामाने काय साधते आणि काय साधत नाही, याविषयी मी वाचकांना खोटी आशा दाखवू इच्छित नाही. इंग्लंडमध्ये सौम्य आणि मध्यम स्वरूपाचा स्मृतिभ्रंश असलेल्या 494 जणांवर एक मोठा प्रयोग करण्यात आला आणि 2018 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कष्टाचा, दमछाक करणारा आणि वजने उचलण्याचा व्यायाम नियमाने करूनही त्या रुग्णांच्या बुद्धीचा ऱ्हास मंदावला नाही, शरीर सुदृढ झाले एवढेच. ही हकीकत निराशाजनक असली तरी ती दडवून ठेवण्याचे कारण नाही, कारण तिच्यापासून दोन गोष्टी शिकता येतात. एक म्हणजे, रोग बळावल्यानंतर केवळ देहाला राबवून मेंदू परत मिळत नाही. आणि दुसरी म्हणजे, आरंभ लवकर झाला पाहिजे व त्यात चित्ताचाही सहभाग असला पाहिजे. अमेरिकेत 120 वृद्धांवर झालेल्या आणि 2011 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात वर्षभर नियमित चालणाऱ्यांच्या मेंदूतील स्मृतीशी संबंधित असलेल्या भागाचे आकारमान सुमारे 2 टक्क्यांनी वाढले, एरवी त्या वयात ते दरसाल घटत असते. कॅनडात, ज्यांची स्मृती क्षीण होऊ लागली आहे पण स्मृतिभ्रंश झालेला नाही अशा 175 जणांचे गट करून वीस आठवडे काहींना दमसासाचा व ताकदीचा व्यायाम, आणि काहींना त्याच्या जोडीला बुद्धीचा सरावही देण्यात आला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत व्यायाम करणाऱ्यांच्या आकलनशक्तीत सुधारणा आढळली, आणि शरीर व बुद्धी या दोहोंचा सराव एकत्र केलेल्यांत ती विशेष दिसली. त्याच प्रयोगात ‘ड’ जीवनसत्त्वाच्या गोळ्यांचा मात्र काहीही उपयोग दिसला नाही, हे गोळ्यांवर श्रद्धा ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

आता मला या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळावयाचे आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा या शहरात एमिल जाक-दालक्रोझ नावाच्या संगीतशिक्षकाने विसाव्या शतकाच्या आरंभी, संगीत हे कानाने शिकण्यापूर्वी पावलांनी शिकावे, असे मत मांडून वाद्याच्या लयीवर चालण्याची, लय बदलताच पाऊल बदलण्याची आणि त्याच वेळी हातांनी निराळा ठेका धरण्याची एक शिक्षणपद्धती निर्माण केली. शंभर वर्षांनंतर त्याच शहरातील वैद्यकांनी ती पद्धती, पडण्याचा धोका असलेल्या 134 वृद्धांवर योजून पाहिली. आठवड्यातून केवळ एक तास, सहा महिने. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत, लयीवर चालणाऱ्यांच्या पडण्याचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी झाले, आणि चालता चालता दुसरे काम करण्याची वेळ आली तरी त्यांची चाल स्थिर राहू लागली. हे वृद्ध स्मृतिभ्रंशाचे रुग्ण म्हणून निवडलेले नव्हते, ही मर्यादा मी मान्य करतो. तथापि हे वर्णन वाचताना ज्या मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दिंडीतील पावली उभी राहणार नाही, असा माणूस विरळाच.

कारण पावली म्हणजे तरी काय? मृदंगाच्या बोलावर पाऊल पुढे टाकावयाचे, मागे घ्यावयाचे, बाजूस वळावयाचे. हातांत टाळ धरून त्याचा ठेका चुकू द्यावयाचा नाही. मुखाने अभंगाचे चरण म्हणावयाचे आणि ध्रुपद कोठे घ्यावयाचे हे आठवावयाचे. शेजाऱ्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळवावयाचे, आणि लय दुगुन होताच या सर्वांची गती एकदम बदलावयाची. तोल, स्मृती, अवधान, श्वास आणि सहवास यांचा असा संयोग घडविण्यासाठी युरोपातील शास्त्रज्ञांना खास वर्ग भरवावे लागले. आपल्याकडे तो कित्येक शतके रस्त्यावर चालत आलेला आहे. आषाढी वारीच्या दिवसांत मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताबाईंची पालखी बीडवरून याच मुलखातून पंढरपूरकडे जाते. कार्तिकी पौर्णिमेला मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी वीरशैवांच्या पायी दिंड्या येतात. गावोगावच्या देवळांत सायंकाळी हरिपाठ होतो, आणि ज्याला सकाळी काय खाल्ले हे सांगता येत नाही असा वृद्ध तो आरंभापासून अखेरपर्यंत म्हणतो, कारण बालपणापासून गाऊन मुरलेली स्मृती या रोगात इतर स्मृतींपेक्षा अधिक काळ तग धरते. मशिदीपर्यंत पायी जाणाऱ्या आणि नमाजात उभे राहणे, वाकणे, बसणे, पुन्हा उठणे हा क्रम पाच वेळा पाळणाऱ्या वृद्धाच्या देहालाही याच जातीचा लाभ होत असला पाहिजे, असे मला वाटते. माझे म्हणणे इतकेच की ज्या समाजाजवळ हे धन आहे त्याने आपल्या विसरणाऱ्या वृद्धांना ‘त्यांना आता काय कळतंय’ म्हणून टाळकऱ्यांच्या रांगेतून उठवून देवळाच्या खांबाशी बसवू नये. त्यांना रांगेच्या मध्यभागी, दोन जाणत्यांच्या मधोमध उभे करावे, आणि पाऊल चुकले तरी चुकू द्यावे.

पावली सर्वांना झेपणार नाही, आणि रोज होणार नाही. रोजच्या चालण्याची रीत साधी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली वृद्धांसाठी जो दंडक घालून दिला त्यात आठवड्यातून किमान 150 मिनिटे चालण्यासारखी मध्यम श्रमाची हालचाल, आणि त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोलाचा व ताकदीचा सराव सांगितला आहे. म्हणजे रोज सुमारे वीस-पंचवीस मिनिटे, तीही सलग असण्याचे बंधन नाही. ताकदीसाठी बाजेवरून किंवा खुर्चीवरून हात न टेकता उठणे आणि सावकाश बसणे हे पुष्कळ आहे. तोलासाठी ओसरीच्या कडेने, भिंतीजवळून, एका पावलाच्या टाचेला दुसऱ्या पावलाचा अंगठा लावीत चालणे पुरेसे आहे. चालताना सोबत्याने वृद्धाच्या दुबळ्या बाजूस राहावे, आणि चाल बसली की संभाषण सुरू करावे. येथे पुस्तकी प्रश्नांचे कारण नाही. ज्याने जन्मभर पावसाची वाट पाहिली त्याला रोहिणीपासून स्वातीपर्यंतची नक्षत्रे क्रमाने म्हणावयास सांगावी, आणि ती सहज येतात असे दिसले म्हणजे उलट क्रमाने; बीडच्या आठवडी बाजारात काय काय आणावयाचे याची यादी करवून घ्यावी; पालीपासून पंढरपूरपर्यंतची गावे विचारावी; जात्यावरच्या ओव्या ज्यांना येतात त्या आजींना पावलाच्या ठेक्यावर ओवी म्हणू द्यावी. निजामाच्या शाळेत चार इयत्ता शिकलेले जे थोडे वृद्ध हयात आहेत त्यांना उर्दूत गिनती म्हणावयास सांगावे. एका वेळी दोन भाषा बाळगणाऱ्यांना स्मृतिभ्रंश सुमारे साडेचार वर्षे उशिरा होतो असे डॉ. सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादच्याच 648 रुग्णांच्या अभ्यासातून 2013 साली दाखविले आहे, आणि त्यांतील निरक्षरांनाही तो लाभ झाला होता.

या सर्वांत एकच नियम काटेकोरपणे पाळावयाचा: बोलताना पाऊल मंदावले किंवा थांबले, तर प्रश्न जड झाला असे समजून तो सोडून द्यावा आणि पाऊल चालू ठेवावे. ज्याचा रोग पुढे गेला आहे त्याला तर प्रश्न विचारूच नयेत. त्याच्याबरोबर गावे, टाळी वाजवावी, हात धरून चालावे. ‘सांगा बरं मी कोण?’ असे पाहुण्यांसमोर विचारून वृद्धाची परीक्षा घेण्याची जी क्रूर सवय आपल्या घरांत आहे, आणि जी कौतुकाच्या स्वरात चालते, तिने त्या जिवाला किती लाज वाटते हे एकदा त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिले तर कळेल.

चालू लागण्यापूर्वी काही खबरदारी अवश्य घ्यावी. विसरणे प्रत्येक वेळी याच रोगाचे नसते. ‘ब-12’ जीवनसत्त्वाची उणीव, थायरॉइडचा विकार, उदासीनता, झोपेच्या गोळ्या, यांनीही माणूस विसरू लागते आणि उपचाराने पुष्कळ सुधारते, म्हणून एकदा वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आणि एकदोन दिवसांत अचानक भ्रम झाला तर तो ताप, जंतुसंसर्ग किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याचा इशारा समजून तत्काळ रुग्णालयात न्यावे. मोतीबिंदू पिकलेला आणि कान गेलेला माणूस चालण्यासही भितो व बोलण्यासही, तेव्हा डोळ्यांची शस्त्रक्रिया आणि कानाचे यंत्र हा चैनीचा खर्च समजू नये. पायांत सैल चप्पल नको. आणि पालीकरांना विशेष सांगावयाचे ते हे की चौपदरी हमरस्ता ही फिरण्याची जागा नव्हे. ज्याचे अवधान बोलण्याने ढळते त्याला भरधाव वाहनांच्या कडेने नेणे म्हणजे त्याचा जीव धोक्यात घालणे होय. शाळेचे पटांगण, देवळाचा सभामंडप आणि गावातील सिमेंटचा रस्ता यांपैकी काहीतरी सकाळ-सायंकाळ मोकळे ठेवता येईल.

परंतु सोबती कोठून आणावयाचा? बीड जिल्ह्यात हा प्रश्न विचारला की सर्व उपदेश निरुत्तर होतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास मजुरांच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेली नवरा-बायकोची जोडी, जिला आपण कोयता म्हणतो, ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात निघून जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते. बालाघाटाच्या कपारींतील गावांत आणि तांड्यांवर त्या पाच-सहा महिन्यांत उरतात ती वृद्ध माणसे आणि त्यांच्या हवाली केलेली नातवंडे. ज्या आजीला चुलीवर दूध ठेवल्याचे आठवत नाही तिच्यावर दोन लेकरांचे पोषण सोपविले जाते, कारण दुसरा इलाज नसतो. शासनाने मुलांचा विचार केला, हे योग्यच झाले: हंगामी वसतिगृहे निघाली, आणि 2021 साली ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना जाहीर झाली. मागे राहणाऱ्या वृद्धांसाठी मात्र कोणत्याही दप्तरात असे सदर उघडलेले नाही. अंबाजोगाईजवळ लोखंडी सावरगाव येथे वृद्धत्व व मानसिक आजारांच्या केंद्राची इमारत उभी राहिली आणि करोनाच्या साथीत तिचा उपयोग करोना रुग्णालय म्हणून झाला, यावरून या जिल्ह्याला अशा केंद्राची गरज आहे हे सरकारनेही मान्य केल्याचे दिसते. पण पालीच्या आजींना तेथवर नेणार कोण?

पुढील काळ याहून कठीण आहे. 2019 साली राज्य शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली तेव्हा त्यांतील 13,861 जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अशा शस्त्रक्रियेत बीजकोशही काढले गेले असतील तर हाडे अकाली ठिसूळ होतात, आणि पुढे तोल गेला तर मांडीचे हाड मोडण्याचा धोका वाढतो. या स्त्रिया आज फडावर आहेत. आणखी वीस-पंचवीस वर्षांनी त्या ओसरीवर असतील. त्यांच्या वार्धक्याची तयारी आजच सुरू झाली नाही तर मोडलेली हाडे आणि विस्मृती या दोहोंचा भार एकाच वेळी या जिल्ह्यावर येईल.

तेव्हा मी गावापुढे एक निश्चित योजना ठेवतो. 15 ऑगस्टची ग्रामसभा भरते तेव्हा फडावर जाणारी कुटुंबे अद्याप गावातच असतात. त्या सभेत, कोणत्या घरातील कोणते वृद्ध मागे राहणार, त्यांच्याजवळ कोण असणार, आणि त्यांपैकी कोणाला विसरण्याची तक्रार आहे, याची नोंदवही करावी. आशा कार्यकर्तीने त्या प्रत्येकाची चाल एकदा मोजावी: खुर्चीवरून उठणे, तीन मीटर चालणे, वळणे, परत येऊन बसणे, यास बारा सेकंदांहून अधिक वेळ लागला तर ते माणूस पडण्याच्या धोक्यात आहे असे समजावयाचे; यासाठी एक घड्याळ आणि एक दोरी एवढेच साहित्य लागते, आणि या कामाचा मोबदला तिला ग्रामपंचायतीने द्यावा, कारण आशांवर फुकटची कामे लादण्याची रीत आता बंद झाली पाहिजे. भजनी मंडळाने आठवड्यातून दोन सायंकाळी या वृद्धांसाठी सावकाश लयीची पावली ठेवावी. शाळेतील वरच्या वर्गांतील मुलांनी सकाळच्या प्रार्थनेपूर्वी अर्धा तास, दोघांनी मिळून एका वृद्धाबरोबर पटांगणात चालावे आणि त्यांच्याकडून नक्षत्रे, ओव्या, बांधांची नावे शिकून घ्यावी. मुलांचे पाढेही वृद्धांनी तेथेच म्हणून घ्यावे. ज्या पालीच्या शिवारात ‘इन्फंट इंडिया’ या संस्थेने एचआयव्हीबाधित बालकांना आश्रय दिला, आणि ज्या काळी अशा बालकांना कोणी जवळ करीत नव्हते त्या काळी दिला, त्या गावाला हे काम अवघड वाटेल असे मी मानीत नाही.

आणि ज्या कुटुंबाने उचल घेतली आहे त्याने मुकादमाशी बोलणी करताना एक अट अवश्य घालावी, की मागे राहिलेल्या आई-वडिलांची तब्येत बिघडल्याचा निरोप आला तर एकाला गावी जाऊ दिले जाईल आणि त्या दिवसांची रक्कम उचलीवर चढणार नाही. ही अट कागदावर लिहून ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवावी. साखर कारखान्यांनी तोडणी व वाहतुकीचे करार करताना तिला मान्यता द्यावी, आणि ऊसतोड कामगारांच्या कल्याणासाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळाने आपल्या योजनांत मुलांच्या वसतिगृहाशेजारी मागे राहणाऱ्या वृद्धांच्या सोबत्याचे मानधनही मंजूर करावे. येता हंगाम सुरू होण्यापूर्वी हा निर्णय व्हावयास कोणतीही अडचण असण्याचे कारण मला दिसत नाही.